लुटूपुटूचा रोस्ट: बटाटा, बेकन आणि बेळगावचा ओटा

ओटीजीच्या, म्हणजे विजेवरच्या छोट्या भट्टीच्या, काचेला नाक लावून मी बसले होते आणि बाराव्या मिनिटाला रोस्ट बसला. बेकनच्या पट्ट्या दोन्ही अंगांनी घसरल्या, मधून बटाटा फुगून बाहेर आला, आणि शेवटी ट्रेमध्ये जे उरलं ते थंड झालेल्या पिठल्यासारखं दिसत होतं. पुतणीने आधी फोटो काढला, मग म्हणाली, "काकी, ॲनिमेत दाखवलंय तसं काय दिसंना की गं हे." ऑगस्ट महिना, शेतातून नुकतेच निघालेले जवारी बटाटे, आणि वर कुकरला तीन शिट्ट्या. चुका तीन, मूळ एकच: पाणी.

त्यानंतर हा पदार्थ मी सात-आठ वेळा केला आहे. आता तो बसत नाही. बेकन कुठलं घ्यावं, सॉस कसा करावा हे सगळं पुढे येईलच, पण खालचं सगळं वाचून एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर बटाट्यातलं पाणी ध्यानात ठेवा. लोक बेकनवर पैसे घालतात आणि बटाट्याकडे बघत नाहीत.

हा पदार्थ आहे तरी काय

'शोकुगेकी नो सोमा' नावाची जपानी चित्रकथामाला 2012 साली 'वीकली शोनेन जम्प' या साप्ताहिकात सुरू झाली आणि 2015 मध्ये तिचं ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका, आलं. घरोघरच्या पोरांना ती 'फूड वॉर्स' या नावाने ठाऊक आहे. पहिल्याच भागात हा रोस्ट येतो. सोमा नावाचा पोरगा बापाच्या छोट्या खानावळीत राबत असतो. ती जागा बळकावायला टपलेली एक बाई अट घालते, की मला रसाळ मांसाचा पदार्थ खायला घाल, नाहीतर दुकान सोड. दुकानातलं मांस तर आधीच नासवून ठेवलेलं. पोरगा बटाटे, मशरूम आणि बेकन घेतो, बटाट्याचा लांब उंडा करून त्याला बेकनचं पांघरूण घालतो, भट्टीत भाजतो आणि कापून पुढे ठेवतो. बाहेरून पाहावं तर अख्खा रोस्ट पोर्क, आत मात्र बटाटा.

जपानी नावात 'नान्चात्ते' हा शब्द आहे. नुसतं म्हणायला, गंमत म्हणून, असा त्याचा भाव. मराठीत त्याला लुटूपुटूचा यापेक्षा चपखल शब्द मला सापडला नाही. लुटूपुटूची लढाई असते तसा हा लुटूपुटूचा रोस्ट.

ॲनिमेतलं जेवण बहुतेक वेळा नुसतं बघायचं असतं. या मालिकेचं तसं नाही. युकी मोरिसाकी या शेफबाई तिच्या पाककृतींच्या सल्लागार होत्या, त्यामुळे पदार्थ खरोखर करता येतात. चित्रात पहिल्या घासाला जो रसाचा पाट वाहतो तेवढी मात्र चित्रकाराची करामत समजायची. तरी तुकडा मोडल्यावर आत ओलसर, मांसल काहीतरी लागतं हे खरं, आणि त्याचं कारण सरळ आहे. भाजताना बेकनची चरबी वितळते आणि कोरडा बटाटा ती पिऊन घेतो. बटाटा आधीच पाण्याने भरलेला असेल तर चरबीला आत जागाच नाही. ती ट्रेमध्ये गळते, बटाटा वाफेने फुगतो आणि माझं ऑगस्टमधलं पिठलं होतं.

मशरूमचं काम वेगळं. ते चावताना दाताला जरा अडतात, म्हणून मांसाचा भास होतो. शिवाय चवीचीही एक जोडी जमते. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीत ग्लुटामेट शोधलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पुढे कळलं, की ग्लुटामेटबरोबर मांसातलं इनोसिनेट किंवा मशरूममधलं ग्वानिलेट आलं, की ती चव नुसती वाढत नाही, कित्येक पटीने वाढते. या रोस्टमध्ये सोया सॉस, बेकन आणि मशरूम असे तिघेही एका ताटात येतात. मूळ पदार्थात एरिंगी मशरूम आहेत, जाड दांड्याचे, चिवट. आपल्याकडे ते मिळालेच तर महाग. साधे पांढरे बटण मशरूम चालतात. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, मिळाली तर त्याहून बरी, कारण तिचे धागे सुटतात.

बटाटा निवडताना

बेळगावजवळच्या उचगाव, कडोलीच्या बाजूला लाल मातीत पावसाळी बटाटा होतो. त्याला आम्ही जवारी म्हणतो. पातळ सालीचा, चवीला गोडसर, रस्सा भाजीत घातला की फुटत नाही. अंगचं पाणी जास्त असतं आणि शिजल्यावर तो अंग धरून राहतो, म्हणून तर रश्शाला चांगला. इथे नेमका तोच गुण आडवा येतो. आपल्याला शिजल्यावर भुगा होणारा, पिठूळ बटाटा पाहिजे.

एपीएमसीत आणि भाजीबाजारात इंदूर, आग्रा, तळेगाव अशा नावांनी बटाटा विकला जातो. नावावर जाऊ नका, कारण पोत्यावरचं नाव आणि आतला माल यांचं लग्न दरवेळी लागलेलंच असतं असं नाही. बटाटा जुना घ्या. साल जरा जाड, खरखरीत, अंगठ्याने घासल्यावर न सोलवटणारी. मोड आलेला किंवा हिरवा पडलेला नको. शीतगृहातून थेट आलेला बटाटा असेल तर दोनेक आठवडे घरात टोपलीत, अंधारात ठेवा. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून असा बटाटा भाजताना लवकर काळा पडतो आणि गोड लागतो. घरच्या उबेत ती साखर पुन्हा कमी होते.

शंका असली तर पाण्यात टाकून बघायची एक जुनी पद्धत आहे. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर पाणीदार. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सासूबाई बाजूला उभ्या होत्या. "बटाट्याला पोहायला शिकवतीस काय?" असं म्हणून निघून गेल्या. खरं सांगायचं तर पाचातले दोन तरंगले, आणि दिसायला पाचही सारखे होते. तरंगलेले भाजीला वापरा. मिठाचं पाणी फरशीच्या फटीत उगवलेल्या गवतावर ओतलंत तर गवत मरतं.

रताळ्याचं काय, हा प्रश्न बेळगावात विचारला जाणारच. नवरात्राच्या सुमारास इथल्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. घाला, पण बटाट्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. गोडवा बेकनच्या खारटपणाला छान लागतो, त्यापुढे मात्र सगळं शिऱ्याकडे झुकतं. जाता जाता एक गंमत: 'बटाटा' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला, आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरून उचलला तेव्हा तो मुळात रताळ्याचं नाव होता.

बेकन, आणि घरातलं राजकारण

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस मीठ लावून मुरवलेलं, बहुधा धुरी दिलेलं, पातळ पट्ट्यांत कापलेलं. बेळगावात ते कॅम्प भागाकडच्या शीतपेट्या असलेल्या दुकानांत मिळतं. इंग्रजांची छावणी, मग पलटणीची माणसं, गोव्याकडून आलेली ख्रिस्ती घरं, यांच्यामुळे कॅम्पात या खाण्याची सवय जुनी आहे. गोव्याहून चोर्ला घाटाने येणारं कोणी असेल तर तिकडून मागवता येतं, पण बर्फाच्या डब्यात. नुसत्या पिशवीत घालून घाट चढलेलं बेकन मी घेत नाही.

पाकिटावर दोन गोष्टी पाहा. पट्टीत पांढरी चरबी आणि लाल मांस अर्धं अर्धं असलं पाहिजे. चरबी कमी असलेलं बेकन आरोग्याला बरं असेल, या पदार्थाला निरुपयोगी आहे. आणि पट्ट्या लांब असाव्यात, किमान वीतभर. तुकडे तुकडे स्वस्त मिळतात, पण त्यांनी गुंडाळता येत नाही. जाड पट्टी मिळाली तर उत्तमच, मूळ पदार्थात तशीच आहे. आपल्याकडे पातळ जास्त मिळते. ती भाजल्यावर बरीच आखडते, तेव्हा हिशेब दोन थरांचा करा.

आमच्या स्वयंपाकघरात डुक्कर शिजत नाही. आमचे हे फौजेत होते, मेसमध्ये सगळं खाऊन आलेले, मला आणि पुतणीला चालतं. सासूबाईंना वासही नको. तेव्हा ओटीजी मागच्या पडवीत, बेकनची फळी, सुरी आणि ताट वेगळं, आणि त्यांची जपाची वेळ टाळून काम. तुमच्याकडेही असं कोणी असेल तर आधी सांगून करा. लपवून केलेल्या बेकनचा वास पडद्यात दोन दिवस राहतो.

फळी वेगळी ठेवायचं कारण नुसतं सोवळ्याओवळ्याचं नाही. पाकिटातलं बेकन बहुतेक वेळा कच्चंच असतं, मुरवलेलं म्हणजे शिजलेलं नव्हे. हात लावला की साबणाने धुवा, त्याच सुरीने कोशिंबीर चिरू नका.

डुक्कर नकोच असेल तर कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस अर्धा किलो घ्या. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकून पातळ करा, पाऊण चमचा मीठ, मिरपूड आणि थोडा सोया लावून रात्रभर मुरवा. मग झाकणाच्या भांड्यात वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडा आणि पाच मिनिटं धुरी द्या. कोंबडीला चरबी कमी, म्हणून भाजताना वरून लोणी लावत राहावं लागतं. चव वेगळी, पण सोंग वठतं. बाजारात चिकन बेकन म्हणून मिळतं ते मी दोनदा वापरलं. रबर लागतं.

सामान, चार-पाच माणसांना

जुने बटाटे पाऊण किलो. मशरूम 200 ग्रॅम. एक मोठा कांदा बारीक चिरून, आणि आणखी एक गोल चकत्या करून ट्रेमध्ये घालायला. बेकन 300 ते 350 ग्रॅम. लोणी दोन मोठे चमचे. ताजी भरडलेली मिरपूड एक लहान चमचा. रोझमेरी या सुवासिक पाल्याच्या दोन-तीन काड्या, नसली तर नसली. तिच्या जागी कढीपत्ता घालून पाहिला, आणि रोस्टला उपम्याचा वास आला. बांधायला हार ओवायचा पांढरा सुती दोरा. नायलॉनचा नको, तो वितळतो.

सॉससाठी रेड वाईन 100 मिली, सोया सॉस एक मोठा चमचा, मिरिन दोन मोठे चमचे. मिरिन म्हणजे तांदळापासून केलेलं गोड, स्वयंपाकाचं जपानी मद्य. ते बेळगावात शोधत फिरण्यात अर्थ नाही. दोन लहान चमचे किसलेला गूळ आणि दोन मोठे चमचे जास्तीची वाईन, काम होतं.

सामानात मीठ नाही, हे विसरून राहिलेलं नाही. बेकन खारट, सोया खारट. बटाट्यात चिमूटभर मीठ घातलंत तरी शेवटी पस्तावाल.

बटाटा शिजवणं आणि वाळवणं

सोलून मोठे तुकडे करा, एका बटाट्याचे चार. पाण्यात उकडायचे नाहीत, वाफवायचे. इडलीपात्र असेल तर ताटल्या काढून जाळी ठेवा. कुकर वापरायचा तर शिटी काढून, खाली दोन पेले पाणी, वर चाळणी, आणि बटाट्याला पाणी लागणार नाही इतकी उंची. 20 ते 25 मिनिटं. सुरी न अडता आरपार गेली की झालं.

आता जे करायचं ते बहुतेक जण करत नाहीत. तुकडे लगेच परातीत पसरा आणि पंख्याखाली ठेवा. वाफ उसळताना दिसेल, तिला जाऊ द्या. पाच-सहा मिनिटांनी जाड बुडाच्या कढईत घालून मंद आचेवर उलथण्याने हलवत राहा. आधी ओला चुरचुर आवाज येतो. तो थांबतो, मग बटाट्याच्या कडा पिठासारख्या भुरभुरतात आणि कढईच्या तळाला पांढरट साय धरते. तिथे थांबा. मी वजनकाट्यावर तोलून पाहिलं होतं: सोललेला बटाटा 640 ग्रॅम होता, वाळवून 590 भरला. त्या 50 ग्रॅम पाण्याच्या जागी आता चरबी जाणार.

गरम असतानाच कुस्करा. सगळा एकसारखा नको, दोन भाग बारीक आणि एक भाग बोराएवढ्या गाठींचा. गाठी राहिल्या, की तोंडात मांसाच्या तुकड्यासारखं काहीतरी येतं. मिक्सरला मात्र चुकूनही लावू नका. पातं फिरलं की बटाट्यातलं पीठ सुटून खळ होते. त्या खळीने पोस्टर चिकटवता येईल, रोस्ट होणार नाही.

मशरूम आणि कांदा

मशरूममध्ये पाणी नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा इथेही तीच लढाई. ओल्या फडक्याने पुसा, हरभऱ्याएवढे तुकडे करा. मोठ्या आचेवर कोरड्या कढईत घाला, तेल नाही, लोणी नाही. आधी ते पाणी सोडतात आणि त्यात पोहायला लागतात. घाबरून काढू नका. पाणी आटतं, तुकडे आक्रसतात, कढईला घासताना चिकचिक वाजतात आणि कडा तांबूस होतात. सात-आठ मिनिटं लागतात, पाकीटभर मशरूमचा मूठभर ढीग उरतो. तेव्हा एक चमचा लोणी आणि चिरलेला कांदा घाला, आच कमी करा, कांदा गुलाबी झाला की उतरवा.

पावसाळ्यात खानापूरकडून रानातली अळंबी येते. तिची चव या बटण मशरूमना सात जन्मात यायची नाही. ओळखीच्या, वर्षानुवर्षं आणणाऱ्या माणसाकडची असेल तरच घ्या, आणि ती मिळालीच तर रोस्टमध्ये कशाला घालता, नुसती कांद्यावर परतून भाकरीबरोबर खा.

बटाटा, मशरूम-कांदा आणि मिरपूड एकत्र करा. अंडं, ब्रेडचा चुरा, कॉर्नफ्लोअर असलं काही लागत नाही. गोळा हातात दाबून बघा. बोटांचे ठसे उठले आणि हाताला चिकटला नाही, तर तुमचं पाण्याचं काम नीट झालं.

गुंडाळणं

अळूवडीचा उंडा वळता येत असेल तर हे तुम्हाला येतंच.

सारण पूर्ण गार होऊ द्या. त्याचा साधारण 22 सेंटिमीटर लांब आणि मुठीएवढा जाड उंडा करा. दाबून करा, आत पोकळी राहिली तर कापताना तिथेच तुटेल. अर्धा तास फ्रिजमध्ये.

पोळपाटावर बटर पेपर पसरा. बेकनच्या पट्ट्या त्यावर उभ्या, एकमेकींवर तिसरा हिस्सा चढवून लावा, कौलं चढवतात तशा. पट्ट्या फ्रिजमधून नुकत्या काढलेल्या असाव्यात. उन्हाळ्यात दहा मिनिटं बाहेर राहिल्या, की ओल्या चिंधीसारख्या लोंबतात. उंडा आपल्याकडच्या कडेला आडवा ठेवा आणि कागदाच्या आधाराने पुढे लोटत घट्ट गुंडाळा. जोड खाली आला पाहिजे. दोन्ही टोकांना उघडा बटाटा दिसतो, तिथे एकेक पट्टी आडवी लावून कडा आत खोचा. पट्ट्या पातळ असतील तर उरलेल्या वरच्या बाजूने पुन्हा चढवा.

दोरा बांधायला दोन माणसं असली तर बरं. एकाने धरायचं, दुसऱ्याने दर तीन बोटांवर एक गाठ मारायची. शेवटी लांबीवरून एक आडवा फेरा. दोरा बेकनमध्ये रुतेल इतका आवळू नका, भाजताना बेकन आपोआप आवळतं. रोझमेरीच्या काड्या दोऱ्याखाली सरकवा. पुतणी हे काम फार मन लावून करते, कारण चित्रात इथेच पहिल्यांदा तो पदार्थ खऱ्या रोस्टसारखा दिसतो. बांधलेला उंडा आणखी एक तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असली तरी अर्धा तास ठेवाच.

भाजणं

ओटीजी असेल तर दोन्ही सळ्या लावून 200 अंशांवर पंधरा मिनिटं तापवून घ्या. ट्रेमध्ये कांद्याच्या चकत्या, त्यावर जाळी, जाळीवर रोस्ट, जोड खाली. कांदा दोन कामं करतो: टपकणारी चरबी जळून धूर होऊ देत नाही आणि नंतर सॉसला येतो. 20 मिनिटांनी ट्रे बाहेर काढून खालची चरबी चमच्याने रोस्टवर घाला आणि उंडा दोन उलथण्यांनी फिरवा. पुन्हा 15 ते 20 मिनिटं. शेवटी बेकन अजून फिकं दिसत असेल तर नुसती वरची सळी, पाच मिनिटं, आणि तिथून हलायचं नाही. खरपूस आणि करपलेलं यात दोन मिनिटांचं अंतर असतं.

थर्मामीटर असला तर मधल्या भागात 75 अंश दिसले की निश्चिंत. नसला तर बेकनचा कुठलाही भाग गुलाबी, लिबलिबीत राहिलेला नाही ना एवढं पाहा, विशेषतः खालचा जोड. आतला बटाटा आधीच शिजलेला आहे, प्रश्न बेकनचाच.

ओटीजी नाही म्हणून अडत नाही. बिडाचा खोलगट तवा किंवा जाड लोखंडी कढई घ्या. तवा थंड असतानाच रोस्ट त्यात जोड खाली करून ठेवा आणि मग मंद आच लावा. तापलेल्या तव्यावर ठेवलंत तर बेकन बाहेरून पकडेल आणि आत चरबी तशीच राहील. थंडपासून सुरुवात केली, की चरबी हळूहळू वितळते आणि रोस्ट स्वतःच्याच तुपात तळला जातो. जोड नीट चिकटेपर्यंत सात-आठ मिनिटं हात लावू नका. मग एकेक बाजू पाच-सहा मिनिटं. चारी बाजू झाल्या, की झाकण ठेवून दहा मिनिटं, शेवटी झाकण काढून आच वाढवून कुरकुरीत करा. चूल असेल तर झाकणावर निखारे ठेवा, वरूनही ऊब मिळते. आमच्याकडे सर्वांत चांगला रोस्ट आतापर्यंत असाच झालाय, ओटीजीत नव्हे.

दिवाळीत नानकटाईचे ट्रे जसे गल्लीतल्या बेकरीत नेतो तसा हा नेता येईल, असं मला वाटलं होतं. नेला. भट्टीवाल्याने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "वैनी, आत काय हाय?" म्हणून विचारलं, आणि मी सांगितल्यावर हात जोडले. बरोबरच होतं त्याचं. त्याच भट्टीत सगळ्या जातीधर्मांचे पाव भाजले जातात.

सॉस

भाजलेला रोस्ट ताटात काढून दहा मिनिटं तसाच राहू द्या. ही दहा मिनिटं सॉसची.

ट्रेमधला कांदा आणि दोन चमचे चरबी कढईत घ्या. बाकीची चरबी गाळून काचेच्या बाटलीत भरा, फ्रिजमध्ये टिकते, पुढे बटाट्याच्या काचऱ्या तिच्यात परता. कांद्यावर वाईन ओता, तळाला चिकटलेलं सगळं खरवडून काढा, निम्मी होईपर्यंत उकळा. वाईनचा नाकात जाणारा वास गेला, की सोया आणि मिरिन किंवा गूळ. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही, की आच बंद. गार लोण्याचा एक तुकडा टाकून हलवा, सॉसला तकाकी येते. उकळत असताना लोणी टाकलंत तर ते फुटून वर तवंग येईल.

घरात दारू चालत नसेल तर चार-पाच आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ते पाणी वाईनच्या जागी वापरा. गूळ जरा वाढवा. रंग लालसर, आंबटगोड, आणि डुकराच्या चरबीला आमसूल वाईनहून जास्त मानवतं असं माझं मत झालंय. आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे. आमसुलातही मीठ असतं, तेव्हा सोया आधी अर्धा चमचाच घालून चाखा.

कापणं आणि वाढणं

दोरा कात्रीने कापून काढा, मोजून काढा. पाच गाठी मारल्या असतील तर पाच निघाल्या पाहिजेत. एक आमच्या ह्यांच्या दातात अडकली होती. धारदार सुरीने, खाली दाबून न कापता करवतीसारखी पुढे-मागे ओढत, दोन बोटं जाडीच्या चकत्या करा. दाबलंत तर बेकनचं कडं सुटतं आणि बटाटा मागून बाहेर येतो. पहिली चकती हमखास मोडते. ती करणाऱ्याची.

पावाबरोबर छान लागतो, पण भाताबरोबर जास्त. जपानी भात चिकटसर असतो, त्याला आपला इंद्रायणी जवळचा. जरा आसट शिजवा, त्यावर चकती, वरून सॉस, बाजूला मुळ्याची किंवा काकडीची बिनमिठाची कोशिंबीर. भाकरीबरोबर करून पाहिलं, जड होतं.

उरला तर झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, बेकन मऊ पडून चामड्यासारखं ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी चकत्या तव्यावर, तेल न घालता, दोन्ही बाजूंनी तांबूस करा. कापलेल्या तोंडाला बटाट्याची खरपूस पापडी धरते. पुतणी म्हणते ते कालच्यापेक्षा भारी असतं, आणि रोस्ट करायच्या दिवशीच चार चकत्या दुसऱ्या डब्यात लपवून ठेवते.